गिरण्यांची जमीन आणि मानखुर्दच्या खोल्या

व्हिएन्नात १८९६ ते १८९९ या काळात बांधलेल्या चार प्रचंड गॅसटाक्यांच्या विटांच्या भिंती शाबूत ठेवून त्यांच्या आत २००१ पर्यंत शेकडो घरे उभारली गेली. मुंबईत मात्र बंद कारखान्याच्या जागी घर आले ते बहुधा कारखाना पाडूनच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या कापड गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि इमारतीपेक्षा तिच्याखालची जमीन कैक पटींनी मोलाची ठरली. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागी गगनचुंबी मनोरे आले. फिनिक्स मिलची चिमणी उरली, पण मॉलच्या आवारात.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरणीची जमीन महापालिका, म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) आणि मालक यांच्यात ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली आणि गिरणी कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला. ही दुरुस्ती कोणाच्या पथ्यावर पडली, हे वेगळे सांगायला नको.

त्याच नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे एका जागेवरचे बांधकामाचे हक्क दुसरीकडे वापरण्याची वा विकण्याची मुभा, मुंबईत रुजवला. पुढे मानखुर्द-गोवंडी पट्ट्यात, जिथे जमीन स्वस्त होती, विकासकांनी पुनर्वसनाच्या इमारती बांधून द्यायच्या आणि मोबदल्यात मिळालेले हक्क उपनगरांतील महाग भागांत वापरायचे, असा व्यवहार रूढ झाला. रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांत विस्थापित झालेल्या कुटुंबांना लल्लूभाई कंपाऊंडसारख्या वसाहतींत २२५ चौरस फुटांच्या खोल्या मिळाल्या.

गिरणीतल्या साचेखात्याचे, म्हणजे मागांच्या शेडचे, छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे आणि त्यातील काचा उत्तरेकडे असत, जेणेकरून कडक ऊन टळून सुताचा तुटलेला धागा दिवसभर एकसारख्या उजेडात दिसावा. यंत्रांसाठी केलेला हा विचार माणसांच्या वाट्याला आला नाही: मानखुर्द-गोवंडीच्या अनेक पुनर्वसन इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर भरदिवसा दिवा लावावा लागतो, आणि या वसाहतींतील क्षयरोगाचा अपुऱ्या उजेडाशी व हवेशी संबंध असल्याचे ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासाने दाखवून दिले.