एकहाती लिनक्स वितरण आणि सुरक्षेचा प्रश्न : स्लॅकवेअरचा इतिहास

लिनक्सचा गाभा आणि त्यासोबत लागणाऱ्या शेकडो आज्ञावली एकत्र बांधून देणाऱ्या संचास वितरण म्हणतात. बहुतेक वितरणे कंपन्यांच्या अथवा मोठ्या स्वयंसेवक-समूहांच्या आधारावर उभी राहिली. स्लॅकवेअर हा त्यास ठळक अपवाद होय. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात विद्यार्थी असताना पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी एस.एल.एस. या तत्कालीन वितरणातील दोष दुरुस्त करण्यास आरंभ केला. त्यातूनच १७ जुलै १९९३ रोजी स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुढे सहकारी लाभले, तथापि अंतिम निर्णय व्होल्करडिंग यांच्याच हाती राहिला.

एवढ्या आज्ञावलींची सुरक्षा एका व्यक्तीने राखावी कशी? मूळ लेखकांच्या संहितेत शक्यतो बदल करावयाचा नाही, हे स्लॅकवेअरचे उत्तर. असे असले की मूळ लेखकाने दिलेली दुरुस्त आवृत्ती बांधून, अंकीय स्वाक्षरीसह देणे एवढेच काम उरते. याउलट डेबियनमध्ये २००६ साली ओपनएसएसएलच्या संहितेतील काही मजकूर एका तपासणी-साधनाच्या इशाऱ्यावरून वगळण्यात आला. परिणामी गुप्त किल्ल्या बनविताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नष्ट झाली व प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी सुमारे ३२ हजारच शक्यता उरल्या. अनेकांची नजर असूनही हा दोष मे २००८ पर्यंत उघड झाला नाही. स्लॅकवेअरमध्ये तो बदल नव्हताच.

मात्र यावरून एकहाती व्यवस्था अधिक सुरक्षित, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेला ‘हार्टब्लीड’ दोष मूळ संहितेतच होता, म्हणून तो स्लॅकवेअरमध्येही जसाच्या तसा आला. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती उपलब्ध झाली हे खरे. परंतु ती तत्परता एका माणसाच्या उपलब्धतेवर अवलंबून होती. ती किती नाजूक गोष्ट आहे, हे २००४ च्या अखेरीस दिसले होते. व्होल्करडिंग गंभीर आजारी पडले आणि ते वृत्त त्यांनी स्वतःच वापरकर्त्यांना कळविले. २०१८ मध्ये आर्थिक ओढाताणही उघड झाली, तेव्हा वापरकर्त्यांनी देणग्या दिल्या.

१४.२ ही आवृत्ती २०१६ ची, तर १५.० ही फेब्रुवारी २०२२ ची. मधल्या साडेपाच वर्षांत नवी स्थिर आवृत्ती आली नाही, पण जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षा-दुरुस्त्या चालू राहिल्या. १४.० ते १४.२ यांचे हे पाठबळ १ जानेवारी २०२४ पासून थांबविण्यात आले.