आयनांबराचे तत्काळ निरीक्षण

पृथ्वीच्या वातावरणात सुमारे ६० ते १,००० किमी. उंचीवर असलेल्या विद्युत्भारित थरांची स्थिती अखंड मोजून ती काही मिनिटांच्या आत वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. सूर्यावरील घडामोडींमुळे पृथ्वीभोवतीच्या अवकाशात जे बदल होतात त्यांना अवकाश हवामान म्हणतात. आयनांबर हा त्यातील जमिनीला सर्वांत जवळचा आणि रेडिओलहरींच्या थेट वाटेत येणारा भाग आहे.

सूर्याच्या जंबुपार व क्ष-किरणांमुळे विरळ हवेतील अणू-रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि डी, ई व एफ हे थर तयार होतात. मध्यमलहरी शोषून घेणारा डी थर सूर्यास्तानंतर जवळजवळ नाहीसा होतो. दूरची मध्यमलहरी आकाशवाणी केंद्रे रात्री ऐकू येतात ती त्यामुळेच. इलेक्ट्रॉनांची सर्वाधिक दाटी एफ थरात, साधारणपणे २५० ते ४०० किमी. उंचीवर असते. रेडिओलहरी परावर्तित करणारा असा थर खरोखरच अस्तित्वात असल्याचा पुरावा एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये मिळवला. त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२५ मध्ये अमेरिकेत ब्राइट आणि ट्यूव्ह यांनी रेडिओलहरींचे स्पंद सरळ वर सोडून त्यांचा प्रतिध्वनी मोजला.

आयनोसोंड हे उपकरण आजही त्याच पद्धतीने चालते. ते सुमारे १ ते २० मेगॅहर्ट्झ कंप्रतेचे स्पंद क्रमाने वर सोडते आणि प्रत्येक स्पंद परतायला किती वेळ लागला याची नोंद करते. ज्या कंप्रतेनंतर स्पंद परत न येता थर भेदून जातात तिला क्रांतिक कंप्रता म्हणतात. इलेक्ट्रॉनांची घनता चौपट झाली की ही कंप्रता दुप्पट होते, त्यामुळे एका आलेखावरून थराची उंची आणि दाटी दोन्ही कळतात. मात्र दाटीच्या शिखरापलीकडचे आयनोसोंडला काही दिसत नाही.

ही उणीव दिशादर्शन उपग्रहांनी भरून काढली. जीपीएस उपग्रह दोन कंप्रतांवर संदेश पाठवतात. आयनांबरातून येताना दोन्हींना वेगवेगळा विलंब होतो आणि त्या फरकावरून वाटेतील एकूण इलेक्ट्रॉनसंख्या काढता येते. तिच्या एककात एक चौरस मीटर छेदाच्या स्तंभातील १०,००० लाख कोटी इलेक्ट्रॉन धरतात. जीपीएसच्या मुख्य कंप्रतेवर एका एककामुळे अंतरात सुमारे १६ सेंमी. चूक येते. सूर्य सक्रिय असताना भारतात दुपारी ही संख्या १०० एककांपलीकडे जाऊ शकते, म्हणजे चूक १६ मी.हून अधिक होते.

सूर्याच्या बाजूचा पहारा पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किमी. अंतरावरील एल-१ बिंदूपाशी असतो. अमेरिकेची एस (१९९७) व डिस्कव्हर (२०१५) ही याने तिथे पाठवली गेली. भारताचे आदित्य एल-१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी तेथील कक्षेत पोहोचले. सौरवातातील, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या प्रवाहातील, चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळले की भूचुंबकीय वादळाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील मोठ्या खळबळीची, शक्यता वाढते. एल-१ वरून त्याची सूचना साधारण १५ ते ६० मिनिटे आधी मिळते. सौरज्वालेच्या बाबतीत एवढीही सवड नसते. तिचे क्ष-किरण प्रकाशाबरोबरच, आठ मिनिटांत पोहोचतात. ज्वाला दिसते त्याच क्षणी दिवसाच्या बाजूचा लघुलहरी संपर्क तुटू लागलेला असतो.

अशा निरीक्षणाची किंमत २३ मे १९६७ रोजी दिसली. क्षेपणास्त्रांचा इशारा देणारी अमेरिकेची रडारे अचानक निकामी झाली तेव्हा सोव्हिएत कारवाईचा संशय घेता आला असता, पण हवाई दलाच्या सौर निरीक्षकांनी कारण सूर्य असल्याचे वेळेत कळवले. याउलट मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत २ सप्टेंबर १८५९ रोजी, ज्याला कॅरिंग्टन घटना म्हणतात त्या वादळात, चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद झाली. हाताने घेतलेल्या त्या वाचनांचे जागतिक महत्त्व २००३ मधील अभ्यासानंतर पुढे आले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या; त्यांचा व्यत्यय टाळण्यासाठी ही चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये अलिबागला सुरू करण्यात आली. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते.

१०–११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडा प्रकाश टिपला गेला, तर अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रह-मार्गदर्शनावर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले.

भारतावरील आयनांबर जगातील सर्वांत अस्थिर भागांपैकी आहे आणि या नोंदीत त्याचा वेगळा विचार आवश्यक आहे. चुंबकीय विषुववृत्त थुंबा व तिरुनेलवेलीजवळून जाते. १९६३ मध्ये सुरू झालेल्या अग्निबाण प्रक्षेपणासाठी थुंबाची निवड झाली ती याच कारणाने. या चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा वर उचलला गेलेला प्लाझ्मा (विद्युत्भारित वायू) चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला उतरतो आणि अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यात दाटीचे शिखर तयार होते. महाराष्ट्राचा बराचसा भाग या शिखराच्या दक्षिण उतारावर येतो. तिथे थोड्या अंतरातही इलेक्ट्रॉनसंख्या झपाट्याने बदलते. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तालगत विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात आणि त्यांतून जाणारा उपग्रह-संदेश लुकलुकतो किंवा तुटतो. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, हे अधिक घडते.

भूचुंबकीय खळबळ दाखवणारा आणि जगभर वापरला जाणारा केपी निर्देशांक प्रामुख्याने मध्यम अक्षांशांवरील वेधशाळांवरून काढतात. तो शांत असतानाही भारतात बुडबुडे उठतात, आणि काही वादळे तर त्यांना दाबून टाकतात. त्यामुळे केवळ या निर्देशांकावर विसंबून भारतासाठी इशारे देणे चूक ठरेल. विमानांच्या उपग्रह-दिशादर्शनासाठी उभारलेल्या गगन प्रणालीला देशभरातील संदर्भ केंद्रांच्या मोजमापांतून आयनांबराची दुरुस्ती सतत काढावी लागते. नेमक्या कोणत्या संध्याकाळी बुडबुडे उठतील याचे खात्रीचे पूर्वानुमान अजून करता येत नाही. तोवर भारतीय उपखंडासाठी स्थानिक केंद्रांवर त्या त्या क्षणी घेतलेले मोजमाप हाच सर्वांत भरवशाचा आधार आहे.