एकरंगी पडद्याची निवड

१९७७ साली बाजारात आलेल्या ॲपल-२ या घरगुती संगणकासोबत पडदा मिळत नसे. बहुतेक लोक तो घरच्या टीव्हीलाच जोडत. त्यासाठी लागणारा आरएफ मॉड्युलेटरही वेगळा घ्यावा लागे, कारण अमेरिकेच्या दळणवळण आयोगाच्या नियमांच्या कटकटीत ॲपलला पडायचे नव्हते. खेळांपुरता टीव्ही ठीक होता. पत्र टंकायला बसले की त्याचे उणेपण कळे.

ओळीत ४० अक्षरे असली की ॲपल-२ सेकंदाला सुमारे ७० लाख ठिपके पाठवी. ८० अक्षरांचे कार्ड बसवले की दुप्पट. एकाआड एक ठिपके सुटे दिसायला तेव्हा ७ मेगाहर्ट्झ बँडविड्थ लागे आणि अमेरिकी टीव्हीची मजल जेमतेम ४ पर्यंत. शिवाय रंगीत नळीतली जाळी अक्षरांच्या कडा खाई. एकरंगी नळीत गन एकच, फॉस्फरचा थर सलग, जाळी नाही. म्हणून स्वस्तातला १२ इंची हिरवा मॉनिटर मजकुरासाठी महागड्या रंगीत टीव्हीपेक्षा सरस ठरे.

घेताना आधी बँडविड्थ पाहावी लागे, मग फॉस्फर: हिरवा, अंबर की पांढरा. कोणता रंग डोळ्यांना सुखाचा, यावर वाद रंगत; खरे तर फॉस्फरची चमक किती वेळ टिकते हे जास्त महत्त्वाचे होते. १९८१ च्या आयबीएम ५१५१ चा हिरवा फॉस्फर मुद्दाम रेंगाळणारा होता. ५० हर्ट्झलाही चित्र लुकलुकत नसे, पण मजकूर वर सरकला की मागे त्याची भुते उरत. हा मॉनिटर ॲपल-२ ला चालतही नसे. त्याचा संकेत आणि आडव्या रेषांचा वेग दोन्ही वेगळे. कमोडोर ६४ वाल्यांची अडचण निराळीच. त्याचा आवाज टीव्हीतून येई, त्यामुळे स्पीकर नसलेला मॉनिटर घेतला की संगणक मुका.

इंग्लंडमध्ये ॲमस्ट्रॅडने १९८४ साली मॉनिटर संगणकासोबतच विकायला काढला; त्यातूनच संगणकाला वीजही मिळे. १९८५ च्या अटारी ५२० एसटीचा संच एकरंगी मॉनिटरसह ७९९ डॉलरला होता, रंगीतसह ९९९ ला. त्याची ६४० × ४०० ठिपक्यांची सर्वांत बारीक मांडणी मात्र फक्त एकरंगी मॉनिटरवरच उमटे.