थोडक्या पितळेत मोठा गंज

दिवाळी जवळ आली, की आमच्या भंडाऱ्याच्या घरी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरत आणि चिंचेने घासून अंगणात उन्हात मांडली जात. गाव पितळी भांड्यांसाठी नावाजलेले; त्यामुळे घरोघरी तोच थाट. त्या रांगेतला सरळ काठाचा गंज पाहिला, की माझ्या मनात एक प्रश्न येई. तेवढ्याच पत्र्यातून कारागीर उंच, अरुंद गंज घडवू शकेल, किंवा बसका, रुंदही. मग दूध अधिक कशात मावेल?

आधी हिशेब पाहू. पत्रा सुमारे ९४२ चौरस सेंटिमीटर धरा, झाकण नाही. तळाची त्रिज्या ५ सेंटिमीटर ठेवली, तर उंची साडेसत्तावीस येते आणि दूध मावते सुमारे २.१६ लिटर. त्रिज्या १० केली, तर उंचीही १०च भरते आणि दूध मावते ३.१४ लिटर! हेच सर्वांत मोठे माप. त्रिज्या आणि उंची सारखी, एवढेच त्याचे गमक. पण खरी मौज पुढेच आहे. त्रिज्या ९ किंवा ११ झाली, तरी माप ३.०९ लिटरच्या आसपासच राहते. शिखरापाशी चूक फारशी नडत नाही. वाढ थांबलेली असते आणि घट अजून सुरू व्हायची असते.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी एकाच्या ध्यानात आली होती. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. ग्रहाच्या मध्यम स्थानात जी दुरुस्ती करावी लागते, ती जेथे सर्वांत अधिक, तेथे तिच्यातला बदल शून्य असतो, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

पुढे केप्लरला हेच कोडे लग्नाच्या निमित्ताने भेटले. १६१३ साली त्याने दुसरे लग्न केले आणि लिंझच्या घरी द्राक्षमद्याची पिंपे आणविली. विक्रेत्याने पिंपाच्या तोंडातून तिरपी काठी घातली आणि तेवढ्यावरून दाम सांगितले. केप्लरला शंका आली. त्याने १६१५ साली त्यावर ग्रंथच लिहिला. तिकडची पिंपे शिखराच्या जवळपासच्या प्रमाणात घडविलेली होती. म्हणून आकार थोडा चुकला, तरी काठीचे माप फारसे चुकत नव्हते. १६८४ साली लाइबनिट्सने महत्तम आणि लघुतम शोधण्याची कलनाची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा हे काम सर्वांना सुकर झाले.

पण मला सर्वांत जवळचे वाटतात ते दिल्लीचे मास्टर रामचंद्र. जन्म १८२१चा, पानिपतचा; वडील लहानपणीच वारले. दिल्ली कॉलेजात शिकविताना त्यांनी मनाशी धरले, की बीजगणित ही आपल्या लोकांची जुनी विद्या. तेव्हा हे प्रश्न कलनावाचून त्याच वाटेने सोडवून दाखवावेत. आपल्या गंजाचेच पाहा. ३ लिटरचा गंज दोन तऱ्हांनी होतो, एक अरुंद, एक रुंद. माप वाढवीत जा, तशा दोन्ही त्रिज्या एकमेकींजवळ सरकतात आणि शिखरावर एकरूप होतात. त्यापुढचा गंज त्या पत्र्यात होणेच नाही! बीजगणित यालाच समीकरणाची दोन मुळे समान होणे म्हणते.

१८५० साली रामचंद्रांनी हा ग्रंथ पदरमोड करून कलकत्त्यास छापला. तिथल्या समीक्षकांनी त्याला नावे ठेविली. पण एक प्रत लंडनला डी मॉर्गन या गणितज्ञाच्या हाती पडली आणि त्याने ती उचलून धरली. मध्यंतरी १८५७ ची धामधूम आली. ख्रिस्ती झालेल्या रामचंद्रांना जीव वाचवून दिल्लीबाहेर पडावे लागले. १८५९ साली डी मॉर्गनच्या प्रस्तावनेसह ग्रंथ लंडनहून पुन्हा निघाला.

कलनाची रीत सोपी. परीक्षेत आपण तीच वापरतो. परंतु विद्यार्थ्याला त्याच्या ओळखीच्या वाटेने शिखरापर्यंत न्यावे, ही त्या शिक्षकाची तळमळ रीत सोपी झाली म्हणून जुनी होत नाही.

आता राहिला गुंड. तो गंजासारखा सरळ का नाही? कारण त्याचा प्रश्नच वेगळा. तो पाण्याने भरून कडेवर घ्यायचा असतो, आणि वाटेत पाणी सांडूनही चालत नाही. यंदा भांडी घासताना मुलांनी विचारले, तर गंजाचा हिशेब त्यांच्याकडूनच करवून घ्या. पत्रा, त्रिज्या आणि थोडा धीर, एवढे पुरे.