लोखंडी जाळी आणि सेवाग्रामची भुई

अमेरिकेतल्या जुन्या घरांत जमिनीत बिडाच्या जाळ्या असायच्या. तळघरात कोळशाची भट्टी, जाळीतून वर येणारी गरम हवा. गंजली की घासून, रंगवून तीच पुन्हा बसवायची. वर्ध्यात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे. इथे ऊब कोणाला हवी! १९३६ साली गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. घराचा खर्च १०० रुपयांच्या आत हवा, सामान आसपासचंच, ही त्यांची अट. म्हणून भिंती मातीच्या, बांबूच्या, वर कवेलू. अशा घराची डागडुजी संपतच नाही. भुईचं सारवण उडालं की पुन्हा सारवा, बांबू किडला की दुसरा लावा. सिमेंट ओतलं तर कष्ट वाचतील हो, पण कुटी उरणार नाही. म्हणून आधी शेणमाती कालवायची.