पंक्तीचा पोशाख

परदेशप्रवासाची तयारी चालू असली की मध्यमवर्गीय घरात एक वाद हटकून उपस्थित होतो. पेटी जवळजवळ भरत आलेली असते, वजनाचा काटा मर्यादेस टेकलेला असतो, आणि तेवढ्यात कोणीतरी विचारते, 'एखाद्या रात्री मोठ्या भोजनगृहात जाण्याचा योग आलाच तर अंगावर घालावयाचे काय?' मग कोट पेटीत जातो, बाहेर येतो, पुन्हा आत जातो. रेशमी लुगडे न्यावे की नाही याचा खल मध्यरात्रीपर्यंत चालतो. आमच्या घरी हे नाटक अनेकदा झाले असल्यामुळे त्याच्या पूर्वेतिहासाकडे आम्ही वळलो, आणि वाटले होते त्याहून तो अधिक रंजक निघाला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जेवणासाठी वेगळा वेष करणे हे साहेबाचे खूळ, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. परंतु ज्या समाजात मुकटा नेसल्यावाचून पानावर बसता येत नसे, त्याने हे म्हणावे यात मौज आहे. फरक इतकाच, की आपला शास्त्रार्थ उतरविण्याचा होता आणि त्यांचा चढविण्याचा. कचेरीतून आलेला गृहस्थ आपल्याकडे पागोटे व अंगरखा खुंटीला लावून उघड्या अंगाने पाटावर बसे. लंडनचा गृहस्थ त्याच वेळी खळीचा ताठ सदरा व काळा शेपटीचा कोट चढवून खाली दिवाणखान्यात येई. दोघांचीही खात्री अशी, की दिवसभराच्या कपड्यांनिशी जेवणे हा अनाचार होय.

हा इंग्रजी आचार मुळात घरचा. बडे लोक जेवत ते आपल्या किंवा स्नेह्यांच्या वाड्यात. त्यात पहिली ढिलाई राजघराण्यातूनच आली. हेन्री पूल या प्रसिद्ध शिंप्याच्या दप्तरात 1865 साली युवराजासाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या गृहस्थासाठी, शेपटी नसलेला आखूड कोट शिवल्याची नोंद आहे. खाजगीतल्या जेवणासाठी शिवलेला हा सुटसुटीत कोटच पुढे डिनर जॅकेट म्हणून मिरवू लागला. न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या वसाहतीचे नाव त्याला अमेरिकेत चिकटले. सैलपणासाठी काढलेला कपडा दोन पिढ्यांत औपचारिकपणाची परिसीमा ठरावा, हा वेषांच्या इतिहासातील नेहमीचाच विनोद आहे.

खरी क्रांती झाली ती 1889 साली लंडनमध्ये सॅव्हॉय हॉटेल उघडले तेव्हा. सेझार रिट्झ हा त्याचा व्यवस्थापक व एस्कोफिए हा मुख्य आचारी, ही जोडी तेथे आली आणि कुलीन स्त्रिया चारचौघांत, पैसे मोजून मिळणाऱ्या जेवणास येऊन बसू लागल्या. घरची पंगत बाजारात आली, तसा घरचा पोशाखही तिच्यामागून आला. पण एक मोठा फरक पडला. घरी यजमान पाहुण्यास ओळखत असतो. त्याचा कोट विटलेला असला तरी त्याचे कुळशील ठाऊक असते. भोजनगृहाच्या दारावरचा माणूस कोणासच ओळखत नाही. त्याला दिसतो तो केवळ कोट. तेव्हापासून परगावचा प्रवासी आणि त्याचा कोट यांचे नाते असे काही जुळले आहे, की पुष्कळदा कोटच आत जातो आणि प्रवासी त्याच्याबरोबर जातो.

आगबोटींवर तर या आचारास कायद्याचे रूप आले. सामानावर 'प्रवासात लागणारे' व 'प्रवासात न लागणारे' अशा चिठ्ठ्या लावाव्या लागत. चिठ्ठीची चूक झाली की संध्याकाळचा कोट तळघरात आणि मालक वर, अशी ताटातूट होई. बोट सुटली त्या रात्री मात्र पोशाखाची सक्ती नसे, कारण पेट्या उघडलेल्या नसत. तांबड्या समुद्रातील उकाड्यापुढे साहेबानेही हात टेकले. कोट काढून ठेवून पांढऱ्या सदऱ्यावर कमरेला रुंद पट्टा गुंडाळावयाचा, अशी तोड निघाली. या पट्ट्याला इंग्रज 'कमरबंड' म्हणतो. तो आपलाच कमरबंद! हिंदुस्थानातून गेलेली ही वस्तू आज न्यूयॉर्कच्या मेजवानीत मिरवते, आणि आपला मुलगा ती तेथे भाड्याने आणून नेसतो.

अशाच एका बोटीने 4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून एक काठेवाडी तरुण बॅरिस्टर होण्यास निघाला. काट्याचमच्याची माहिती नाही, पदार्थांत मांस आहे की काय हे विचारण्याचे धैर्य नाही. म्हणून मोहनदास गांधी भोजनाच्या दालनात न जाता घरून आणलेल्या मिठाईवर व फळांवर आपल्या खोलीतच दिवस काढीत. बोटीवर त्यांनी काळा पोशाख वापरला, आणि उतरण्याच्या दिवसासाठी पांढरा फ्लॅनेलचा पोशाख राखून ठेवला. किनाऱ्यावर पाहतात तो सप्टेंबर सरत आलेला आणि पांढऱ्या कपड्यांतील मनुष्य आपण एकटेच! पेट्यांच्या किल्ल्या एजंटाच्या स्वाधीन केलेल्या आणि दुसरे दिवशी रविवार, म्हणून सोमवारपर्यंत त्याच वेषात राहणे आले. हे सारे त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितले आहे.

पण आमच्या विषयाला अधिक जवळचा प्रसंग यानंतरचा. एका स्नेह्याने त्यांना नाटकास नेण्याचे ठरविले व त्यापूर्वी हॉबर्न रेस्टॉरंट या प्रासादतुल्य भोजनगृहात जेवावयास बोलाविले. स्नेह्याचा अंदाज असा, की एवढ्या थाटात हा लाजाळू मुलगा शंका काढणार नाही. पहिले सूप आले. ते कशाचे आहे हे विचारण्यासाठी गांधींनी वाढप्याला बोलावले, तेव्हा स्नेही संतापला. सभ्य लोकांत वागता येत नसेल तर बाहेर जावे, दुसरीकडे जेवावे आणि आपली वाट पाहावी, असे त्याने सुनावले. गांधी आनंदाने उठून बाहेर आले. जवळचे शाकाहारी भोजनगृह बंद होते. त्या रात्री ते उपाशीपोटीच नाटकास गेले.

यापुढची गोष्ट मनुष्यस्वभावाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. मांस खाणार नाही, हा निश्चय ढळला नाही. पण त्याची भरपाई म्हणून इतर बाबतींत पक्का सभ्य गृहस्थ व्हावयाचे, असे त्यांनी ठरविले. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोजून संध्याकाळचा पोशाख शिवला. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली. आरशापुढे रोज दहा मिनिटे गळपट्टा व भांग यांत जाऊ लागली. म्हणजे तो दहा पौंडांचा पोशाख चैनीतून जन्मलेला नव्हता, तो एका जेवणाच्या पानावरून उठावे लागल्याच्या शल्यातून शिवला गेला. हे शल्य ज्यांना ठाऊक आहे, ते पेटीतल्या कोटाला हसणार नाहीत. याच गृहस्थांनी 1931 साली बकिंगहॅम राजवाड्यातील समारंभास पंचा व शाल या वेषात हजेरी लावली, हे सर्वश्रुत आहे. मधल्या त्रेचाळीस वर्षांचा हिशेब येथे मांडण्याचे कारण नाही.

स्त्रियांपुढचा पेच निराळा व अधिक बिकट होता. 1883 साली अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांनी लुगडे सोडले नाही. परंतु नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी विलक्षण. म्हणून त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. एवढ्याशा फेरफारावरून घरून बोलणी खावी लागली. साता समुद्रांपलीकडे अठरा वर्षांच्या मुलीने काय नेसावे याचा निर्णय येथे बसून करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण पडली नाही.

शेवटी एक प्रसंग, जो आम्हांस सर्वांत प्रिय आहे. ऑक्टोबर 1912 मध्ये नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी योजिली होती. अन्न निव्वळ शाकाहारी, मद्याचे नाव नाही, आणि स्वयंपाकास स्वयंसेवकच. या मेजवानीस कोणता कोट घालावा याची गोखल्यांना चिंता नव्हती. चिंता होती उपरण्याची. ते न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले, आणि रानड्यांना जाऊन अकरा वर्षे झालेली. गोखले ते जिवापलीकडे जपत व विशेष प्रसंगीच काढीत. पेटीत राहून त्याला चुण्या पडल्या होत्या, आणि धोब्याकडे धाडून वेळेवर परत येण्याजोगे नव्हते. यजमान गांधी म्हणाले, इस्त्री मी करतो. तुमच्या वकिलीवर माझा विश्वास आहे, धोबीपणावर नाही, अशा आशयाचे उत्तर गोखल्यांनी दिले, आणि ते उपरणे आपल्याला कसे मिळाले ती हकिकत मोठ्या प्रेमाने सांगितली. गांधींनी हट्ट सोडला नाही. अखेर परवानगी मिळाली, इस्त्री झाली, उपरण्याला डाग लागला नाही, आणि गोखल्यांनी पसंतीची मान डोलावली. मग ते खांद्यावर टाकून पाहुणे मेजवानीस जावयास सिद्ध झाले.