टेलला पाणी

मी मूळचा संगमनेर तालुक्यातला, पुण्यात सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळतो. आमच्याकडे प्रणाली सुरू झाली की केक कापतात आणि माणसं पुढच्या कामाला लागतात. पाटाखालच्या गावात वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. आमच्या गावाकडे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं रान भिजलं तरच पाण्याचं आवर्तन झालं म्हणतात.

त्या पाटाचं धरण म्हणजे भंडारदरा. त्याचं काम 1910 मध्ये सुरू झालं. मध्ये पहिलं महायुद्ध येऊन गेलं, आणि 10 डिसेंबर 1926 रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सुमारे 82 मीटर उंचीची दगडी भिंत, 11 टीएमसी साठा. पण मला भिंतीपेक्षा तिच्या खालची आखणी मोठी वाटते. पाऊस कोसळतो घाटघर-रतनवाडीला, तहान राहाता-श्रीरामपूरकडे. धरणापासून डोंगर फोडत कालवे नेण्याऐवजी पाणी सरळ प्रवरा नदीत सोडलं, आणि संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून डाव्या-उजव्या कालव्यात घेतलं. नदी होतीच, तिचाच पाट केला. काय बांधायचं नाही हे ठरवायला फार मोठी समज लागते.

पुढचं काम कागदाचं आणि माणसांचं. शेतकऱ्याने पाण्याच्या मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा, त्यावरून शेजपाळी, म्हणजे कोणाला कधी पाणी, हे ठरायचं, आणि पाटकऱ्याने नोंदवही काखेत मारून पहाटे चारीचं दार उघडायचं. पाणी टेलकडून हेडकडे देत यायचं, कारण वरच्याने आधी घेतलं की खाली चिखलही पोचत नाही. भांडणं झाली, दारं फोडली गेली, तरी त्या नोंदवहीच्या जोरावर ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना चालला आणि 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू केला.

1969 मध्ये धरणाच्या भिंतीला तडे गेले, गळती लागली. उद्घाटनाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. भिंतीला मागून टेकू देऊन ती सावरली. धरणाच्या पायथ्याशी उभं राहिलं की ते टेकू आजही दिसतात. डागडुजीचं हे काम मूळ बांधकामाइतकंच मानाचं आहे, असं मी माझ्या मुलांना, म्हणजे टीममधल्या पोरांना, नेहमी सांगतो.

या हिशेबात एक बाजू मात्र कोरी राहिली. ज्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या अकोले तालुक्याला या पाण्यातलं फार थोडं मिळालं. गरज कोणाची, हे ठरवताना ते बैठकीत नव्हतेच.

त्याच प्रवरेवर खाली निळवंडे धरण आहे. मंजुरी 1970 ची, अंदाज सुमारे 8 कोटींचा. आधी ठरलेली म्हाळादेवीची जागा बदलली, पुनर्वसन रखडलं, धरण झालं तरी कालवे होईनात. 26 ऑक्टोबर 2023 रोजी डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं तेव्हा खर्चाचा आकडा 5177 कोटींवर गेला होता. 85 किलोमीटरच्या त्या कालव्यावर दुष्काळी गावं दोन पिढ्या डोळे लावून बसली होती. अकोल्याने यावेळी उच्चस्तरीय कालव्यांसाठी भांडून आपला वाटा आराखड्यात लिहून घेतला.